माकडहाड

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आजीकडे खुर्च्या आहेत ना, मग गणपतीत सगळ्यांना जमिनीवर बसायची शिक्षा का?" स्केटिंग करताना आपटलीस, बूड अजून ठणकतंय, कळतं मला. तरी 'शिक्षा' जरा लागलं. वर तुझी दुसरी तक्रार: डॉक्टर नीट कॉक्सिक्स म्हणतात आणि आजी म्हणते माकडहाड!

अगं, डॉक्टरांचा शब्द तरी कुठे एवढा सोवळा आहे? ग्रीकमध्ये 'कॉकिक्स' म्हणजे कोकीळ. जुन्या वैद्यांना ते आत वळलेलं टोक कोकिळेच्या चोचीसारखं दिसलं. आपल्याकडच्यांना तिथे शेपूट आठवली, आणि ते जास्त बरोबर आहे असं मला आपलं वाटतं. आईच्या पोटात काही आठवडे आपल्याला खरंच शेपूट असते. ती जिरते आणि मागे तीन ते पाच छोटे मणके उरतात, बहुतेकांना चार. आगरातला आपला कुकुडकोंबा, म्हणजे भारद्वाज, तोही कोकिळेच्याच कुळातला. गणपती आणायला निघताना तो दिसला की माई दिवसभर खूश.

मीही आपटलोय, गुहागरच्या घराच्या पाखाडीवर. श्रावणात जांभ्याच्या त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि मी हातात शहाळं घेऊन धावत उतरत होतो. मोठी आत्या आधी पोट धरून हसली, "शेपूट शाबूत आहे ना रे?" मग खोबरेल घेऊन आली. गणपतीपर्यंत दुखणं राहिलं, तेव्हा माईने माझ्या पाटावर गोधडीची घडी ठेवली. दादाकाका वाढत होता, त्याने न विचारता एक मोदक जास्त टाकला. पंगत मात्र चुकवायची नाही. का नाही, हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तू विचारतेस, हे बरंच आहे.

कारण मला पंगतीचं एवढं कौतुक आहे ते मला आयतं वाढलेलं मिळे म्हणून. माई आणि आत्या शेवटी बसायच्या, तोवर आमटी गार आणि फुटलेले मोदक तेवढे उरलेले. हे मला तेव्हा दिसत होतं, खुपत नव्हतं. मांडीला मांडी लावून बसण्यातली मजा खरी होती, हेही तितकंच खरं. आता यातलं तुला काय पटेल ते बघ, मी आग्रह करत नाही.

दादाकाका गुडघ्यांमुळे हल्ली खुर्चीवरच जेवतो. तू त्याच्या शेजारी बस, आजीशी मी बोलतो. मागे रेलू नकोस, त्याने भार नेमका त्या हाडावर येतो. थोडं पुढे वाकून बस. पाटावर बसावंसं वाटलंच तर मधे भोक असलेली उशी मिळते, ती घेऊन येतो. दादाकाका तिच्यावरून वर्षभर चिडवेल, ते मात्र सहन करावं लागेल. आणि आरतीला सगळे उभेच असतात, तेवढा वेळ तू सुटलीस.

तुझा,
बाबा