लंडनमधल्या चिकण मातीत रास्पबेरी जगवण्यासाठी माती कशी सुधारावी?

आपण लिहिले आहे की परसातली माती पावसात बुटांना चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते आणि गेल्या वर्षी लावलेली रोपे त्यात कुजून गेली. ही माती आपल्याकडच्या काळ्या रानासारखीच आहे. तिच्यात कस असतो, उणीव असते ती निचऱ्याची. रास्पबेरीची बहुतेक मुळे वरच्या फूटभर थरातच पसरतात आणि तिथे पाणी साचून राहिले की मूळकूज लागते.

वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण चार पोती वाळूने काहीच साधत नाही. त्याऐवजी शरद ऋतूत माती वाफशावर, म्हणजे फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशा स्थितीत, आली आहे का हे पाहण्यासाठी तिचा गोळा मुठीत दाबून पाहावा. बोट लावताच तो फुटला तर खणावे, चकाकत राहिला तर थांबावे. मग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत सुमारे १० सेंटीमीटर जाडीने पसरून संपूर्ण पट्ट्यात मिसळावे, कारण नुसत्या खड्ड्यात भरल्यास तो खड्डा हौदासारखा पाणी धरतो. अळिंबीच्या वाफ्यातले वापरलेले खत टाळावे. त्यात चुना असतो आणि रास्पबेरीला किंचित आम्लधर्मी माती मानवते.

त्यावर २५ ते ३० सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा करून नोव्हेंबर ते मार्च या काळात, माती गोठलेली नसताना, रोपे ४५ सेंटीमीटर अंतरावर लावावीत. मात्र जिथे रोपे कुजली ती जागा सोडून द्यावी, कारण रोगाचे बीजाणू तिथे अनेक वर्षे टिकून राहतात.