समुद्रातला उलटा मनोरा: 'जैववस्तुमान' म्हणजे 'उत्पादन' नव्हे

विचारणा अशी आहे: 'समुद्रात जैववस्तुमानाचा मनोरा उलटा असतो' हे वाक्य बरोबर आहे का? खाणारे जास्त आणि खाद्य कमी, असं कसं चालेल? आणि जैववस्तुमान व उत्पादन हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का?

वाक्य बरोबर आहे. या मनोऱ्याच्या तळाशी स्वतःचं अन्न बनवणारे 'उत्पादक' आणि वरच्या पायऱ्यांवर त्यांना खाणारे असतात. शब्द मात्र एकमेकांच्या जागी चालणार नाहीत, कारण जैववस्तुमान (एखाद्या क्षणी असलेल्या सजीवांचं एकूण वस्तुमान) ही शिल्लक आणि उत्पादन (नव्याने घडणारं सेंद्रिय द्रव्य) ही वर्षाची उलाढाल. बार-ऑन, फिलिप्स आणि मिलो या संशोधकांनी 2018 साली मांडलेल्या हिशेबात समुद्रातले उत्पादक सुमारे 1 अब्ज टन कार्बनइतके आहेत, तर त्यांच्यावर जगणारे सगळे मिळून सुमारे 5 अब्ज टन. जमिनीवरच्या वनस्पती तब्बल 450 अब्ज टन! तरीही वर्षभरात नवं घडणारं सेंद्रिय द्रव्य समुद्रात आणि जमिनीवर जवळपास सारखंच, प्रत्येकी 50 अब्ज टनांच्या आसपास. झाडाचं लाकूड शतकभर शिल्लक राहतं; वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे, प्रकाशावर अन्न बनवणारे सूक्ष्म जीव) काही दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात. कोणत्याही क्षणी मोजा, थोडेच सापडणार. मासे वर्षानुवर्षं जगतात, त्यांची शिल्लक साचत जाते.

ऊर्जेचा मनोरा मात्र समुद्रातही सरळच राहतो, कारण प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा श्वसनात खर्च होते. म्हणून नुसतं 'मनोरा उलटा' लिहू नये, कशाचा ते सांगावं.

'जैववस्तुमान'ऐवजी 'जैवभार' हा पर्याय सुटसुटीत आहे, पण 'भार' म्हटलं की विद्युतभारही आठवतो. मी 'जैववस्तुमान'च लिहितो. 'बायोमास' म्हटलं तर साखर कारखान्याचं चिपाड डोळ्यांपुढे येतं, ते इथे नको. शिवाय हे मोजमाप बहुधा कोरड्या वजनात किंवा कार्बनमध्ये करतात. ओल्या वजनात जेलीफिश उगाच भाव खाऊन जाईल, तिच्यात बहुतेक पाणीच.

आता 'पोषण पातळी', म्हणजे कोण कोणाला खातं या क्रमातलं सजीवाचं स्थान. पाठ्यपुस्तकात रुळलेला शब्द आहे, पण समुद्राबद्दल लिहिताना घोटाळा करतो: 'पातळी' म्हटलं की वाचक पाण्याची पातळी नाहीतर खोली समजतो. 'स्तर' घेतला तरी तीच अडचण. तारली प्लवक खाते, सुरमई तारलीसारखे मासे खाते. दोघी एकाच पाण्यात फिरतात. अशा ठिकाणी मी 'अन्नसाखळीतली पायरी' म्हणेन.