काडतूस: आत गोळी असो की छर्रे, मुळात कागदाची पुंगळी

पृच्छा: १८३० च्या सुमारास इंग्लंडात घडणाऱ्या एका शिकारकथेचे भाषांतर करताना 'शॉट कार्ट्रिज' असा शब्द आला. त्याला 'छऱ्यांचे काडतूस' म्हणावे का, की काडतूस फक्त गोळीचेच असते? शिवाय काडतूस पितळेचे असते, तर १८५७ चे शिपाई ते दातांनी कसे तोडत होते?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली तर पहिल्याचे उत्तर आपोआप मिळते. १८५७ चे काडतूस पितळेचे नव्हतेच, ते कागदाचे होते. एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसात कागदाच्या सुरळीच्या एका टोकाला शिशाची गोळी आणि दुसऱ्या बाजूला सुमारे साडेचार ग्रॅम दारू असे. दारूकडचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळीकडचे टोक नळीच्या तोंडात बसवून उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गोळी गजाने खाली ठासायची. दातांनी फाडण्यात नवे काही नव्हते. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांची काडतुसेही शिपाई तशीच फाडत. नवी होती ती चरबी. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो, म्हणून गोळी घट्ट लागते, आणि ती सरकावी म्हणून गोळीवरच्या कागदाला वंगण लावावे लागे. पुढे कवायतीत बदल करून काडतूस हाताने फाडायची मुभा दिली गेली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. 'चरबी लावलेली काडतुसे' हे शब्द आपण शाळेत पाठ करतो; ती चरबी कागदाला लावलेली होती, एवढे मात्र बहुतेकांना कोणी सांगत नाही.

शब्दही हेच सांगतो. काडतूस हा पोर्तुगीज 'कार्तुशु'चा मराठी अवतार. पिस्तूल, फीत, बिजागरी, घमेले यांच्याच गलबतातून तो आला. 'पिस्तोला'चे पिस्तूल आणि 'फिता'ची फीत होताना शेवटचा स्वर गळाला, तसाच इथेही गळाला. 'र'चा 'ड' झाला. हिंदीने 'कारतूस' म्हणत 'र' राखला. पोर्तुगीज शब्दामागे इटालियन 'कार्तोच्यो' आहे, म्हणजे कागदाची गुंडाळी किंवा पुडी, आणि त्याच्या मुळाशी 'कार्ता' म्हणजे कागद. याच घराण्यात कार्ड, चार्ट आणि कार्टून बसतात. कार्टून आणि काडतूस हे चुलतभाऊ आहेत, हे ऐकून व्यंगचित्रकार खूश होतील.

तोच शब्द इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे पुन्हा आला. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात 'कार्ट्रिज पेपर' मिळतो. हा जाड, चिवट, किंचित खरखरीत कागद मुळात काडतुसे वळण्यासाठी वापरत, म्हणून त्याचे हे नाव. म्हणजे चित्रकलेची मुले ज्या कागदावर स्थिरचित्र काढतात तो नावाने काडतुसाचाच कागद. प्रिंटरमधले शाईचे कार्ट्रिज ही तिसरी फेरी.

आता गोळी की छर्रे. काडतूस हे वेष्टनाचे, किंवा वेष्टनासकट सगळ्या ऐवजाचे नाव आहे. आत काय भरले आहे याचे ते नाव नाही. त्या ऐवजाला, म्हणजे एका वेळच्या दारूगोळ्याला, मराठीत जुना शब्द आहे 'बार'. फारसीत बार म्हणजे ओझे. इंग्रजीतही बंदूक 'लोड' करतात, म्हणजे तिच्यावर ओझेच लादतात. बार भरतात, बार काढतात, बार फुसका निघतो, आणि वैशाखात लग्नाचा बार उडतो तो याच बंदुकीतून. बार सुटा भरता येतो: शिंगातून दारू, पिशवीतून छर्रे, वर बोळा. तोच बार आधीच मापून कागदात बांधून ठेवला की त्याचे काडतूस होते, आणि ते ठेवायची शिपायाच्या कमरेची चामडी पेटी म्हणजे तोसदान. फारसी 'तोशदान' ही खरे तर शिदोरीची पिशवी. फौजेत तिच्यात भाकरीऐवजी दारू गेली.

छऱ्यांची काडतुसे आधी सैनिकांनीच वापरली. अमेरिकी फौजेत स्वातंत्र्ययुद्धापासून यादवी युद्धापर्यंत एक प्रकार चालला: ०.६९ इंची नळीसाठी एक मोठी गोळी आणि तिच्या डोक्यावर तीन जाड छर्रे. लाकडी दांडीवर कागद गुंडाळायचा, टोकाशी आधी छर्रे, मग गोळी, आणि त्यांच्या मागेपुढे दोऱ्याने आवळायचे. उरलेल्या नळकांड्यात सुमारे सात ग्रॅम दारू, आणि शेपटाची घडी. गोळीशिवाय नुसत्या बारा जाड छऱ्यांचेही काडतूस असे, तीन-तीनचे चार थर लावलेले. दोरा इथे शोभेला नसतो. तो सैल पडला की छर्रे दारूत उतरतात. मग ओतताना दारू पूर्ण येत नाही आणि शिपायाला वाटते सगळी गेली. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीत तर याच दारूतली चिमूटभर आधी रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, म्हणून कान्याजवळच्या (नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकाजवळच्या) वाटीत टाकायची असे, त्यामुळे मापाची चूक दुप्पट जाणवे. कागद नीट जळला नाही तर त्याचा धुमसता तुकडा नळीत राहतो, आणि पुढचा बार भरतानाच पेटण्याची भीती असते.

शिकाऱ्याला मात्र घाई नव्हती. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून गजाने बार ठासायच्या, काळात तो बहुधा सुटाच बार भरी: एक माप दारू, त्यावर घट्ट बोळा, जवळपास त्याच मापाचे छर्रे, त्यावर पातळ चकती. वरची चकती विसरली तर बंदूक खाली तोंड करून चालताना छर्रे हळूच जमिनीवर, आणि शिकारी पुढे.

मग १८३० च्या शिकाऱ्याकडे कार्ट्रिज कुठून आले? ते बहुतेक तारेच्या जाळीचे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या ईली बंधूंनी ते बाजारात आणले. बारीक तारेच्या जाळीची नळी, तिच्यात छर्रे, छऱ्यांमधल्या फटींत हाडांची भुकटी, बाहेरून कागद. दारू त्यात नसेच! दारू आधी सुटी ओतायची, त्यावर हे ठासायचे. हेतू असा की नळीतून निघाल्यावर जाळीने छर्रे काही अंतर एकत्र धरावेत आणि लांबच्या पक्ष्यावरही दाट पडावेत. भुकटीमुळे छर्रे एकमेकांवर आणि नळीवर घासून चेपत नाहीत. चेपलेला छर्रा सरळ जात नाही. पण जाळीने छर्रे वेळेवर सोडले नाहीत तर सगळा गठ्ठा एखाद्या गोळीसारखा एकसंध जाई. पक्षी वाचे, मागचे कोणी वाचेलच असे नाही. या कारखान्याच्या संस्थापकांपैकी विल्यम ईली १८४१ मध्ये टोप्यांत, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणाऱ्या धातूच्या छोट्या वाट्यांत, घालायच्या पाऱ्याच्या स्फोटक क्षाराच्या स्फोटात मरण पावला.

दारू, टोपी आणि छर्रे एकाच पुंगळीत आले ते मागून भरायच्या बंदुकीबरोबर. पॅरिसमध्ये योहान सॅम्युएल पाउली या स्विस कारागिराने १८१२ मध्ये धातूच्या बुडाच्या काडतुसाचे पेटंट घेतले, पण बंदूक महाग आणि काळाच्या पुढची ठरली. चलन मिळाले ते १८३० च्या दशकात काझिमीर लफोशो याच्या काडतुसाला. त्याच्या बुडातून आडवी पितळी खिळी बाहेर आलेली असे. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर सुटणारा हातोडा, खिळीवर पडला की ती आतल्या टोपीत घुसे. खिळीसाठी नळीला खाच ठेवावी लागे, तिथून वायू निसटे. आणि खिशातले काडतूस खिळीवर पडले तर काय, हे सांगायला नको. १८६० च्या दशकात टोपी बुडाच्या मध्यभागी आली आणि आज ओळखीची वाटणारी रचना ठरून गेली. पुढे सैनिकी काडतुसे पितळेची झाली, पण छऱ्यांची पुंगळी पितळी बुडावर कागदाचीच राहिली. प्लास्टिकची आली ती १९६० मध्ये. शब्दाचा मूळ अर्थ सर्वांत जास्त काळ सांभाळला तो छऱ्यांच्याच काडतुसाने.

त्या कागदी काडतुसाचे थर भाषांतरात हमखास गोंधळात टाकतात, म्हणून क्रमाने: बुडात टोपी, तिच्यावर बारा बोअरसाठी (हे नळीचे माप, खुलासा पुढे) सुमारे सव्वापाच ग्रॅम काळी दारू, मग पुठ्ठ्याची पातळ चकती, मग वंगण लावलेल्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती, पुन्हा पातळ पुठ्ठा, सुमारे ३२ ग्रॅम छर्रे, सर्वांवर छऱ्याचा क्रमांक छापलेली चकती, आणि शेवटी पुंगळीची कड आत वळवलेली. नमद्याखालचा पुठ्ठा राहून गेला तर वंगण दारूत उतरते आणि बार मंद होतो. नमदा सैल किंवा तिरका बसला तर तापलेला वायू छऱ्यांत घुसतो, छर्रे वितळून एकमेकांना चिकटतात आणि चांदमारीच्या कागदावर मध्येच मोकळी जागा दिसते. कड सैल वळली तर दारू पुरती पेटण्याआधीच छर्रे सुटतात. आणि कागद तो कागदच: दमट हवेत फुगला की पुंगळी नळीत जात नाही, किंवा गेलेली निघत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हे फार ओळखीचे दुखणे असणार, हे कळायला शिकारी असण्याची गरज नाही.

'बारा बोअर' मधल्या बाराचा आपल्या 'बार'शी संबंध नाही. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात बारा येतात, ती बारा बोअर; व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. सोळा बोअरमध्ये सोळा गोळ्या येतात, म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. 'चारशे दहा' मात्र गोळ्यांचा हिशोब नाही, तो ०.४१० इंच व्यास आहे.

तेव्हा 'छऱ्यांचे काडतूस' बिनधास्त लिहा. 'छऱ्यांची गोळी' मात्र नको. पोलिसी बातमीत 'दोन जिवंत काडतुसे आणि एक रिकामी पुंगळी' असते, ती वाटणी चोख आहे: बार उडाला की उरते ती पुंगळी. शब्द नपुंसकलिंगी, ते काडतूस, ती काडतुसे, आणि सामान्यरूपात 'तू' ऱ्हस्व: काडतुसाला, काडतुसात. (२०२३ मध्ये राजकारणात गाजलेल्या 'फडतूस–काडतूस' जोडीतून यमकापलीकडे या चर्चेच्या हाती काही लागत नाही.)

तुमच्या कथेत खरी काळजी क्रियापदाची घ्यावी लागेल. १८३० चा शिकारी काडतूस बंदुकीत 'घालत' नाही, तो दारू ओतून त्यावर ते 'ठासतो'. त्याने बंदूक मोडून, म्हणजे नळी बिजागरीवर खाली दुमडून, मागून काडतूस सरकवले असे लिहिलेत, तर तो एकदम दोन-तीन दशके पुढे जाईल. मूळ इंग्रजीत 'लोडेड' एवढेच असेल, तर 'बार भरला' लिहा. ते दोन्ही काळांत चालते.