नायकाच्या बायकोला मारू नकोस

प्रिय,

तुझ्या मालिकेचे तिन्ही भाग वाचले. शेवटी जोडलेला निरोपही वाचला. निर्मितीवाल्यांचं म्हणणं, चौथ्या भागात नायकाच्या बायकोला मारा, म्हणजे त्याला पुन्हा पिस्तूल उचलायला कारण मिळेल. तू विचारतेस, मारू का?

नाही. सुपाऱ्या घेणारा माणूस धंदा सोडू बघतो आणि त्याला तो सुटत नाही, ही तुझी गोष्ट. का सुटत नाही, याचं उत्तर त्याच्यातच हवं. बायकोच्या खुनाचा सूड म्हणून तो परतला, की प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहतो. आधीची सगळी प्रेतं माफ! इतक्या स्वस्तात सोडणार आहेस त्याला?

अमेरिकन गुन्हेकथाकार लॉरेन्स ब्लॉक यांचा केलर वाच. न्यूयॉर्कमध्ये एकटा राहणारा, काम आलं की परगावी जाऊन माणूस मारून येणारा. 1998 मधल्या 'हिट मॅन' या पहिल्याच पुस्तकाच्या शेवटी तो निवृत्त व्हायचं ठरवतो. गाठीला पैसा आहे. पण रिकाम्या वेळाचं करायचं काय? म्हणून पोस्टाची तिकिटं जमवायला लागतो. जुनी, देशोदेशीची. त्या नादात पुंजी आटत जाते आणि पुन्हा काम घेणं आलं. कुणाची धमकी नाही, कुणाचा सूड नाही. अल्बममधल्या रिकाम्या जागा भरायच्या आहेत, आणि त्यासाठी कुठल्यातरी गावात एक अनोळखी माणूस मरणार आहे. माझ्या तर अंगावर काटा येतो. उत्तर त्याच्यातच आहे, बघ.

'बॅरी' ही अमेरिकन मालिका तू पाहिली आहेस म्हणालीस. मग 2018 च्या पहिल्या सीझनचा शेवट पुन्हा बघ. अफगाणिस्तानातून परतलेला हा मारेकरी लॉस एंजेलिसला नाटकाच्या वर्गात रमलाय, प्रेमात पडलाय, हातातलं काम टाकून दिलंय. तळ्याकाठच्या घरी पाहुणा असताना पोलीस अधिकारी जॅनिस मॉस त्याला ओळखते. तो विनवण्या करतो, मग तिला मारतो. परत येऊन अंथरुणात शिरतो आणि स्वतःला बजावतो, बास, आता इथून पुढे नाही. तो कळवळून बोलतोय, म्हणूनच ते भयंकर आहे.

मी एका मासिकात अशीच मालिका लिहीत होतो. संपादकांनी हेच सुचवलं, फक्त बायकोऐवजी मुलगी. मी नाही म्हटलं आणि मालिका बंद झाली. शेवटचे भाग मनातच राहिले, पुढे पोटापाण्याच्या लेखनात ते लिहायचं राहून गेलं, त्याची खंत आहे. नकार दिल्याची नाही. लोक म्हणाले, एक मुलगी मारली असतीस तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. माझा माणूस परतला असता तो स्वतःच्या हावेपायी. तीच गोष्ट मला सांगायची होती, आणि आज कुणी विचारलं तरी मी तेच करीन.

बरं, आता तुझं लिखाण. दुसऱ्या भागात तुझा नायक मिरजेत स्टेशनरीचं दुकान टाकून बसलाय. समोरच्या मेडिकलवाल्याचं शटर कधी पडतं, पोऱ्या कधी घरी जातो, मालक गल्ल्यावर एकटा किती वेळ असतो, हे सगळं त्याला ठाऊक आहे. कुणी सांगितलेलं नसताना तो टिपत बसतो. हे तू दोन ओळींत उरकलंस आणि पाठलागाला सहा पानं दिलीस! अगं, उत्तर तिथेच पडलंय. त्याला दुकान चालवता येतं, पण माणसाकडे गिऱ्हाईक म्हणून बघता येत नाही.

पाठलाग काढून टाक. बायको राहू दे, तिला गल्ल्यावर बसव. गुरुवारी रात्री तिला डोकेदुखीची गोळी हवी असेल आणि तो सहज म्हणेल, आता नको जाऊस, अजून दहा मिनिटं पोऱ्या आहे, मग मालक एकटा असतो. ती विचारेल, मला गोळीच आणायची आहे, तो एकटा कशाला हवा?

चौथा भाग तिथून सुरू कर. त्यांच्याकडे धाडण्याआधी मला पाठव.