लढाई जिंकली, बिऱ्हाड सासुरवाडीला

प्रश्न : दुसरं महायुद्ध जिंकूनही ब्रिटनमधल्या साध्या सैनिकाला घर का मिळेना? – एक वाचक, सातारा

उत्तर : घरंच नव्हती. बॉम्बहल्ल्यांत लाखो घरं पडली किंवा मोडकळीस आली, आणि गवंडी-सुतार पलटणीत गेल्याने नवं बांधकाम जवळजवळ थांबलं. १८ जून १९४५ पासून सैनिक सुटू लागले. सरकारने नवा सूट दिला; छप्पर ज्याचं त्याने शोधायचं. गोदीत किंवा गिरणीत राबणारा गडी मग बायको-पोरांसह सासूच्या घरी एका खोलीत शिरायचा.

प्रश्न : संसार मोडले ते जागेपायीच का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सगळा दोष जागेवर ढकलणं मला पटत नाही. चार-पाच वर्षं बाप दूर. धाकटं पोर त्याला ओळखतही नसे. बायकोने कारखान्यात राबून घर चालवलेलं, ती आता कुणाचं निमूट ऐकून घेणार? त्यात युद्धात कधी रेशनवर नव्हता तो पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला. १९४७ साली इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ६० हजार घटस्फोट झाले. घाईत उरकलेली युद्धकाळातली लग्नंही त्यांत होती. पण नवरा-बायकोला भांडायलाही आडोसा लागतो, आणि भिंतीपलीकडे सासू कान देऊन बसलेली!

प्रश्न : लोक लष्करी छावण्यांत घुसले, हे खरं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अगदी खरं. मे १९४६ मध्ये स्कनथॉर्पला सिनेमाचा प्रोजेक्टर चालवणारा एक जण विमानवेधी तोफांच्या रिकाम्या छावणीत बायको-मुलांसह राहायला गेला. ऑक्टोबरपर्यंत हजाराहून अधिक छावण्यांत जवळपास ४० हजार माणसं होती. पत्र्याच्या बराकीत घोंगड्या टांगून खोल्या पाडायच्या. बऱ्याच नगरपालिकांनी शेवटी मुकाट्याने भाडं घेणं सुरू केलं. लंडनच्या श्रीमंत केन्सिंग्टनमधल्या रिकाम्या फ्लॅटांत कुटुंबं घुसली तेव्हा मात्र सरकारने डोळे वटारले, पाच कम्युनिस्ट पुढाऱ्यांना अटक झाली. छावणी चालते, फ्लॅट चालत नाही!

प्रश्न : तयार भाग जोडून उभारलेली ‘प्रीफॅब’ घरं म्हणजे झोपड्याच ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : छे! न्हाणीघर, घरातच संडास आणि बहुतेकांत चक्क फ्रिज. अशी दीड लाखांवर घरं झाली, दहाएक वर्षं टिकतील या हिशेबाने. दक्षिण लंडनच्या कॅटफर्डमधल्या वसाहतीत साठ वर्षांनंतरही लोक नांदत होते. ती उभारायला जर्मन आणि इटालियन युद्धकैदी लावले होते.