पाचव्या दिवसाची साखर

पत्र : माझे वय 30 आहे. लग्नाला सहा वर्षे झाली आणि चार वर्षांची मुलगी आहे. मागच्या वर्षी मला एका पतसंस्थेत नोकरी लागली, त्यामुळे आणखी दोन वर्षे तरी दुसरे मूल नको असे आम्हा दोघांचे ठरले आहे. यांना निरोध आवडत नाही. ते वेळेआधी बाहेर काढतात, आणि स्वतःवर पूर्ण ताबा असल्यामुळे काळजीचे कारण नाही असे म्हणतात. चौदा महिने असेच चालले आहे आणि काही झालेले नाही. दर महिन्याला पाळी आली की पाचव्या दिवशी न्हाऊन मी अन्नपूर्णेपुढे साखर ठेवते. सासूबाईंनी एकदा कसली साखर म्हणून विचारले, तेव्हा ‘सहज’ असे सांगितले. या महिन्यात जरा शंका आली म्हणून मेडिकलमधून 72 तासांची गोळी आणून घेतली. आता पाळी नऊ दिवस लांबली आहे. यांना सांगितलेले नाही, कारण ते उगीच टेन्शन घेतात. हा उपाय भरवशाचा आहे का, आणि मला दिवस राहिले असतील का?

उत्तर : तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि दोन्हींची उत्तरे खाली येतील, परंतु तुमचे पत्र वाचताना मी थांबले ती साखरेपाशी. ते एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळला आहात, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात आहे. ज्या गावात नळाला रोज पाणी येते, तिथे पाणी आले म्हणून कोणी देवापुढे साखर ठेवत नाही. तुम्ही चौदा वेळा ठेवलीत. उपाय भरवशाचा नाही हे तुम्हाला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होते. फक्त ते तुम्ही अन्नपूर्णेला सांगितले आणि ज्याला सांगायचे त्याला सांगितले नाही.

आता तो उपाय काय आहे ते पाहू. काहीही न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी साधारण 85 जणींना वर्षभरात दिवस राहतात. वीर्यपतनाआधी बाहेर येण्याची पद्धत प्रत्येक वेळी अगदी बिनचूक पाळली गेली, तर शंभरातील चार जणींना राहतात. पण खऱ्या संसारात, दमलेल्या आणि घाईच्या रात्री धरून, हा आकडा वीसच्या आसपास जातो. म्हणजे ही पद्धत अगदीच निरुपयोगी आहे असे म्हणणे खोटे ठरेल, पण वर्षभरात पाच जणींपैकी एकीला दिवस राहतात त्या गोष्टीला उपाय म्हणताना माझी जीभ अडखळते. तुमचे चौदा महिने निभावले, याचा अर्थ तुम्ही आतापर्यंत उरलेल्या चौघींमध्ये होता, एवढाच.

तुमच्या यजमानांच्या ताब्याबद्दल मला शंका नाही. त्यांचा ताबा असेलही. अडचण अशी आहे की उत्तेजनेच्या वेळी आधीच जो पातळ, चिकट स्राव येतो, तो केव्हा आला हे पुरुषाला जाणवत नाही आणि तो रोखणे त्याच्या हातात नसते. काही पुरुषांच्या त्या स्रावात जिवंत शुक्रजंतू सापडतात. आपण त्या काहींपैकी आहोत की नाही हे घरच्या घरी कळण्याचा मार्ग नाही. वीर्य बाहेर पण योनिमुखाजवळ पडले, तरीही धोका राहतोच. शिवाय स्त्रीच्या शरीरात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, त्यामुळे सोमवारची चूक शुक्रवारी सुटलेल्या बीजापर्यंत पोहोचू शकते. ज्या गोष्टीची जाणीवच होत नाही तिच्यावर ताबा असल्याची ग्वाही देणे, मग ते कितीही प्रामाणिकपणे असो, निरर्थक आहे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी तुमच्या यजमानांवर रागावले आहे. थोडी आहे, परंतु अधिक रागावले आहे ती तुमच्यावर. चौदा महिन्यांत काही झाले नाही असे त्यांना वाटते, कारण या चौदा महिन्यांत जे झाले ते तुम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिले नाही. पाळीच्या तारखेआधीची धाकधूक, मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात मागितलेली गोळी, आताचे हे नऊ दिवस, यांतले काहीच त्यांच्या वाट्याला आलेले नाही. त्यांची निर्धास्त झोप ही तुम्ही स्वतः खपून सांभाळलेली गोष्ट आहे. टेन्शन उगीच नाही, खरे आहे, आणि ते दोघांचे आहे. मग ते घ्यायला ते काय लहान आहेत? रघुनाथराव कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली, आणि तरीही आपल्या घरांत हा विषय नवऱ्याशी बोलण्याआधी देव्हाऱ्याशी बोलला जातो, याची मला खंत वाटते.

दिवस राहिले आहेत का, हे पत्रावरून कोणीही सांगू शकणार नाही. 72 तासांच्या गोळीने पाळी पुढे जाऊ शकते, त्यामुळे उशिराचे कारण तीच असण्याची शक्यता आहे. मात्र ती गोळी बीज सुटणे लांबवते. बीज आधीच सुटले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून ती घेतली यावर विसंबून बसू नका. नऊ दिवस उलटल्यावर लघवीची चाचणी पुरेशी भरवशाची असते. सकाळची पहिली लघवी घ्या आणि पट्टीवर सांगितलेल्या वेळेत निकाल पाहा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच आहे. एकच रेघ आली आणि पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा चाचणी करा; मध्येच पोटात एका बाजूला तीव्र दुखले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दिवस राहिलेच असतील आणि तुम्हाला ते नको असतील, तर 1971 चा गर्भपाताचा कायदा, 2021 च्या दुरुस्तीसह, तुमच्या बाजूने आहे. संततिनियमनाची पद्धत फसली हे कारण त्यात स्पष्ट नमूद आहे, वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, आणि सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची संमती द्यावी लागते, नवऱ्याची सही लागत नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी परस्पर घेऊ नका. आणि दिवस राहिले नसतील, तर पाळी येताच तांबी (कॉपर-टी) बसवून घ्या. दोन वर्षांनी मूल हवे असलेल्या बाईसाठी ती योग्य आहे, वर्षाला शंभरात एकीच्याही आत फसते, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. पहिले काही महिने रक्तस्राव नि पोटदुखी वाढते, तेवढे मनाशी धरा. तोवर निरोध, तो आवडण्याची अट कुठेही नाही.

परंतु या सगळ्याआधी तुम्हाला एक गोष्ट करायची आहे, आणि तेवढी एकच मी आग्रहाने सांगते. आज पतसंस्थेतून येताना चाचणीची पट्टी घेऊन या, आणि उद्या पहाटे न्हाणीघरात जाण्याआधी यजमानांना उठवा. पट्टी दोघांच्या मध्ये ठेवा आणि रेघ उमटेपर्यंतची ती पाच मिनिटे त्यांनाही घड्याळाकडे बघत काढू द्या. पंधराव्या महिन्यात का होईना, ती त्यांच्या वाट्याला येऊ द्या. साखरेचेही तेव्हाच सांगा. डोळे चोळत ते विचारतील की एवढ्या पहाटे काय झाले. सासूबाईंना दिलेत ते उत्तर त्यांना देऊ नका.