चाओझोऊचा ग्वांगजी पूल: नुसती रात्रीची लायटिंग बघून परत यावं का?

तुम्ही विचारलंय की चीनमधे शेन्झेनला कामासाठी येताय, एक वीकेंड मोकळा आहे, तर तिकडच्याच चाओझोऊ गावी जाऊन रात्री पुलाची लायटिंग बघून परतलं तर चालेल का. जा, नक्की जा, पण नुसत्या लायटिंगसाठी नको. मी तिकडेच नोकरीला होतो, चाओझोऊला जाणं-येणं असायचं, आणि माझ्या मते हा पूल बघायची खरी वेळ म्हणजे दुपार ते संध्याकाळ.

कसंय, ग्वांगजी पूल अख्खा दगडी नाहीये. हान नदीवर दोन्ही काठांकडून दगडी खांबांवर पूल येतो आणि मधे नदी जिथे खोल आणि जोराची आहे तिथे 18 लाकडी होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकल्यात, त्यावरून चालत जायचं. काम सुरू झालं 1171 साली, म्हणजे आपल्याकडे देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र राजे झाले नव्हते तेव्हा. मधल्या प्रवाहात खांब उभे करणं जमेना म्हणून होड्या आल्या, आणि त्याचा दुसरा फायदा असा झाला की होड्या सोडल्या की जहाजं जाणार, लाकडाचे तराफे जाणार, पुराचं पाणीपण जाणार. आधी होड्या बऱ्याच जास्त होत्या, 1513 मधे एक खांब वाढवला आणि 18 उरल्या.

लोककथा तर फारच गोड आहे. एका काठाकडून हान शियांगझी नावाचा सिद्धपुरुष बांधत आला, दुसरीकडून एक बौद्ध भिक्षू, मधे काही दोघांचं जुळेना, मग एका देवीने कमळाच्या पाकळ्या पाण्यात टाकल्या आणि त्यांच्या होड्या झाल्या. मधेच होड्या का, हा प्रश्न शेकडो वर्षं प्रत्येक लहान पोराने विचारला असणार ना!

आता महत्त्वाचं. होड्या रोज साधारण सकाळी दहाच्या सुमारास जोडतात आणि संध्याकाळी साडेचार-पाचच्या दरम्यान काढतात, सीझनप्रमाणे वेळ बदलते आणि नदीला पाणी जास्त असेल तर जोडतच नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात आधी चौकशी करा. तिकीट 20 युआन, म्हणजे आपले साधारण अडीचशे रुपये. तीनच्या आसपास पश्चिमेच्या वेशीकडून चढा, होड्यांवर आलात की जरा थांबा, पायाखाली फळ्या हलकेच हलतात आणि वाकून बघितलं तर पाणी होड्यांच्या मधून केवढ्या जोरात खेचत जातंय ते दिसतं, तेव्हा कळतं की इथे खांब का नाही टिकला. दगडी खांबपण नीट बघा, प्रवाहाच्या दिशेला टोकदार केलेत आणि एकेक केवढाल्ला आहे.

पूर्व काठावर हान यू या जुन्या काळच्या लेखक-अधिकाऱ्याचं मंदिर आहे. 819 साली सम्राटाने त्याला शिक्षा म्हणून इथे पाठवलं, जेमतेम आठ महिने होता, पण लोकांनी इतका जीव लावला की नदीलाच त्याचं नाव दिलं. ते बघून होड्या काढायच्या आत पश्चिमेला परत या, नाहीतर लांबच्या मोटारींच्या पुलावरून वळसा पडेल. आणि मग काठावर उभं राहून होड्या काढताना बघा. माणसं दोर सोडतात, मोटरबोट होड्या बाजूला ओढून नेते, आणि बघता बघता पूल मधून उघडा! मला ते दर वेळी तितकंच भारी वाटायचं.

काही लोक म्हणतात की सगळं नवीन बांधलंय, खोटं आहे. वरच्या कमानी-मंडप नवे आहेत, मान्य, ते 2003 ते 2007 च्या जीर्णोद्धारातले. पण 1958 मधे होड्या काढून तिथे लोखंडी सांगाडा टाकून गाड्या चालवत होते, तो काढून परत होड्या आणल्या आणि पूल फक्त चालणाऱ्यांना दिला. गाड्यांची सोय मोडून जुनी रीत परत आणायला हिंमत लागते, मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

लायटिंग रात्री आठच्या सुमारास असते, काठावरून फुकट दिसते, तेव्हा पुलावर जाता येत नाही. तोवर जुन्या गल्ल्यांमधे कुठेही बसून गोंगफू चहा प्या, इवल्या इवल्या कपात देतात. शाकाहारी असाल तर सोबत काहीतरी खायला ठेवा, तिथे बीफ आणि सीफूडच जास्त. पासपोर्ट जवळ ठेवा, शेन्झेन नॉर्थ स्टेशनवरून चाओशान स्टेशनची फास्ट ट्रेन पकडा, स्टेशन गावापासून लांब आहे तर पुढे टॅक्सी. आणि जमलं तर रात्री मुक्कामच करा, परतीच्या ट्रेनच्या घाईत लायटिंगपण धड बघून होत नाही.